केनवडच्या काठावरच्या टाळ्या

१

गुलाबराव देशमुख बुडत होते तेव्हा काठावर टाळ्या वाजत होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केनवडच्या तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत असे. काळ्या मातीच्या या मुलखात समुद्र हा फक्त पोथीतला शब्द. तिथं शीड-होडी क्लब निघाला तो एका पाटबंधारे साहेबापायी. साहेब आला तलावाची भिंत मोजायला आणि पडला इथल्या वाऱ्याच्या प्रेमात. त्यात त्याची चूक नव्हती. केनवडच्या वाऱ्यानं एका वर्षी एक अंडं ढकलत ढकलत रिठदपर्यंत नेलं आणि तिथल्या पाटलाच्या ओसरीवर फोडलं, आतून पिल्लू निघालं तेही सर्दी झालेलं, हे पाहणारी माणसं अजून हयात आहेत. साहेबानं सागाची एक छोटी होडी बांधून घेतली, तिला शीड लावलं, गावातल्या चार मातब्बरांना तो नाद लावला आणि बदली होऊन निघून गेला. मागं एक चांदीचा पेला ठेवून गेला, तो दर दसऱ्याला जिंकायचा.

क्लबचे अध्यक्ष गुलाबराव. देह पोत्यासारखा, आवाज नगाऱ्यासारखा आणि थापा साऱ्या पंचक्रोशीला पुरून उरतील अशा. ऐन पुरात पैनगंगा आपण दातात लोटा धरून पोहत ओलांडली आणि लोट्यातलं दूध सांडू दिलं नाही, ही त्यांची आवडती. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. एवढ्या ठसक्यानं सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल?

त्या दिवशी त्यांची 'मैना' तलावाच्या मध्यावर गेली आणि तिची मागची बाजू हळूहळू पाण्यात बसली. नाक वर, शीड तिरपं. गुलाबराव पाण्यात पडले. हात वर करून त्यांनी ओरडा केला. काठावर कुणीतरी टाळी वाजवली. मग दहा जणांनी, मग साऱ्या गावानं. अध्यक्ष गंमत करून राह्यले! दुधाचा लोटा कुठं आहे, असंही एकजण ओरडला. हशा पिकला.

हात खाली गेला तो वर आलाच नाही. टाळ्या एकेक करून थांबल्या.

२

पेला द्यायला रिसोडहून पाहुणे म्हणून आलेले फौजदार दौलतसिंग खुर्चीतच बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आता ते हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना. म्हणून त्यांनी हातांना काम दिलं. गुलाबरावांचं प्रेत बाहेर काढवलं, मैना काठावर ओढून आणवली. फळ्यांच्या सांध्यांतून बोटाचं पेर शिरेल अशा फटी होत्या. सांध्यांत ठोकलेली राळ-चिंध्यांची भरण कुठंच नव्हती, फक्त गाळाचे पुसट ओघळ.

"ही भरण करतो कोण?" फौजदारांनी विचारलं.

सारी गर्दी एका माणसाकडं वळली. फय्याज सुतार. क्लबच्या सगळ्या होड्या त्याच्या हातच्या. शिवाय साऱ्या बाजारानं ऐकलेलं एक भांडण होतं. फय्याजनं यंदा स्वतःची होडी शर्यतीत उतरवू द्या म्हणून विचारलं होतं, आणि गुलाबराव खो-खो हसून म्हणाले होते, "सुतारानं होडी घडवावी, हाकू नाई." त्यावर फय्याज बोलून गेला होता, "तुमचीच होडी एक दिस तुमाले पानी पाजीन, मालक."

दुपार टळायच्या आत फय्याजच्या हातात बेड्या होत्या. ऊन उतरलं की बैलांची दमणी जुंपायची, त्याला रिसोडला न्यायचं, तिथून पुढं वाशीम, अकोला, आणि खुनाच्या आरोपाचा रस्ता जिथं संपतो तिथं.

सकीना, फय्याजची बायको, धावत गेली ती रामधन जमादाराच्या दारात. पोलिसातून निवृत्त झालेला रामधन बाजेवर आडवा होता. पाण्याला तो इतका भिई की आंघोळीच्या वेळीही तांब्या लांब धरी, असं पोरं म्हणत. शर्यतीला तो कधीच जात नसे. होड्या काठावर पाहूनच त्याला मळमळे.

"जमादार चाचा, माह्या बापानं तुमच्या हाताखाली नोकरी केली," सकीना दारातूनच म्हणाली. "त्याची आन हाये तुमाले. माह्या मानसानं नाई केलं हे."

"पाहायले गेलो अन् त्यानंच केलं निंघालं त?"

"तर मी सोता त्याले दमणीत बसवीन. पन पहा तरी."

रामधन उठला. पागोटं शोधून त्यानं डोक्यावर ठेवलं. फय्याजच्या फाशीपेक्षा तलावाचीच धास्ती त्याला जास्त होती.

३

पिंपळाखाली फय्याज बसला होता. समोर शिपाई. फौजदारांना रामधनचं नाव माहीत होतं. त्यांनी मान डोलावली.

"दमणी जुंपेपर्यंत काय विचारायचं ते विचारा, जमादार. पण गणित सोपं आहे. सुतारानं भरण खरवडून काढली, फटीत गाळ लिंपला. मध्यावर जाईपर्यंत गाळ धुऊन गेला."

"खरवडली काहून?" रामधन फय्याजजवळ उकिडवा बसला. "बोल बे."

"म्यां हातच नाई लावला, चाचा. उठवनी झाल्यावर राळेचं मडकं घेऊन गेलतो. उदयसिंगभाऊ म्हने, ठेव मडकं अन् जा, मैनाचं काम मी पाहून घेतलं."

उठवणी म्हणजे काय ते केनवडबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वऱ्हाडच्या उन्हात लाकूड वाळतं, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून या होड्या छपरात ठेवत नाहीत, पाण्यात बुडवून ठेवतात. अक्षय तृतीयेला होडीत धोंडे भरायचे, काठालगत बुडवायची आणि तिच्या जागी एक बांबू रोवायचा. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं राहतं. दसऱ्याला धोंडे काढून, पाणी उपसून ती वर काढायची, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. ती उठवणी. आणि होडी पाण्यातून बाहेर येताना परक्यानं पाहिलं तर तिला दृष्ट लागते. म्हणून ज्याची होडी तो आणि त्याचा जोडीदार सोडून बाकी सारे तलावाकडं पाठ करून उभे राहतात.

"मैना उदयसिंगानं उठवली? मालकानं नाई?"

"मालक काल वाशीमले गेलते, पाटबंधाऱ्याच्या सायबाकडं. रातच्याले आले."

उदयसिंग जवळच उभा होता. क्लबचा सचिव, गुलाबरावांचा जिवलग. अंगानं सडपातळ, डोळे रडून लाल. "खरं हाये," तो म्हणाला. "काल मी अन् माह्या साळदार गड्यानं उठवली. पान्यातून काढली तवा सांधे दगडावानी घट्ट होते. भरण मी फय्याजलेच सांगतली. ते मडकं उगीच होतं का तठी?"

"झूट!" फय्याज उठायला गेला. शिपायानं त्याला खाली दाबलं.

एका शब्दाविरुद्ध एक शब्द. एक सचिवाचा, एक बेडी घातलेल्याचा. रामधननं मैनेकडं पाहिलं. फटींच्या कडांवर पटाशीचा एकही ओरखडा नव्हता. भरण खरवडायची तर लाकूड सोलून निघतं. हिची भरण जणू पिकल्या फोडाची खपली गळावी तशी आपोआप गळून गेली होती.

त्यानं ते मनात ठेवलं आणि तो देशमुखांच्या घराकडं निघाला.

४

गुलाबरावांच्या पत्नी अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत बायका रडत होत्या, अंजनाबाई रडत नव्हत्या.

"वयनी, ही येळ नाई," रामधन उंबऱ्याबाहेर बसत म्हणाला. "पन तिकडं दमणी जुंपत आहेत."

"विचारा, जमादार."

"पैनगंगा पोहून जानारा मानूस भर दुपारच्याले तलावात काहून बुडला?"

अंजनाबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. हसूच असावं.

"त्याहीले पोहता येत नोतं."

"काय?"

"एक हात पानी नाई कापता येत होतं. दरसाल शर्यतीच्या आदल्या राती झोपत नोते, देवाजवळ बसून राहत. होडी जराशी कलली की शीड सोडून देत. म्हनून त मैना कधी उलटली नाई अन् पेला त्याहीलेच भेटे. लोकं म्हनत, काय कसब हाये! भेव होतं ते, जमादार. निव्वळ भेव. म्यां किती खेपा म्हनलं, सांगून टाका एकडाव खरं. म्हने, अध्यक्षानं असं सांगतलं त गावात तोंड दाखवाले जागा राहीन का?"

"हे कोनाले माईत होतं?"

"मले. अन् उदयसिंगभाऊले. एका उन्हाळ्यात घाटावर पाय घसरला तवा त्याहीनंच काढलं होतं बाहेर."

रामधननं पागोटं सावरलं. "वाशीमले कायच्या कामानं गेलते?"

"पानी सोडाच्या परवानगीच्या." त्यांनी दाराबाहेर, माळ्यांच्या मळ्यांकडं बोट केलं. "यंदा पावसानं दगा देल्ला. माळ्याईचे मळे जळून राह्यले. तलावाची मोरी उघडाची, सारं पानी मळ्याईले द्याचं. पोळ्यापासून तेच बोलनं होतं. आज पेला घेतला की चारचौघात सांगनार होते. बाकी कोनाले पत्ता नोता. एकट्या उदयसिंगभाऊजवळ बोलले होते."

"अन् ते काय म्हने?"

"ते काईच म्हनले नाई. तेच नवल वाटलं याहीले."

५

पुंजाजी माळ्याचा मळा तलावाच्या भिंतीला लागून. वांगी करपलेली, मिरची मान टाकून उभी. पुंजाजी मोट सोडून बांधावर बसला होता.

"रडू नाई येत, जमादार," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? त्याच्या होडीसाठी पानी राखलं अन् माहं वावर जळालं. मेला त मेला."

"मोरी उघडनार होता तो आज. परवानगी आनली होती."

पुंजाजीनं तोंड उघडलं. मग त्यानं एक मेलेलं वांग्याचं रोप उपटलं आणि उगीचच परत मातीत खोचलं.

"म्या टाळ्या पिटल्या ना बाप्पा," तो म्हणाला. "खूप पिटल्या."

"पहिली कोनाची होती? टाळी?"

"सचिवाची. खुर्चीवर उभं राहून. आमी मागून."

"तो शर्यतीत नोता?"

"यंदा काठावरच. हात दुखते म्हने. नाई त इतक्या सालात एक शर्यत सोडली नाई त्यानं." पुंजाजीनं नाक पुसलं. "पैशेवाल्याईचं सारंच निराळं. आता कालची उठवनी. आमी पाठ करून उभे. दुसऱ्या होड्या उठल्या त डब्ब्यानं पानी उपसाचा आवाज कसा, छपाक छपाक, चिलीम वढून होते तरी संपत नाई. अन् मालकाची मैना! ना छपाक ना धप्प. गुपचूप उठली. म्या म्हनलं, देशमुखाच्या होडीत पानीबी शिराले भेते."

रामधन हसला नाही. तो वळला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, तलावाच्या दिशेनं पळाला.

६

दमणीला बैल लागले होते. मैना काठावर आडवी. रामधननं डोळे गच्च मिटून एक पाय होडीत टाकला. होडी चिखलात रुतलेली, हलायचं नाव नाही, तरी त्यानं रामनाम घेतलं.

"जमादार, ती जमिनीवर आहे," फौजदार म्हणाले.

"माह्या पोटाले ते कोन सांगीन?"

होडीच्या नाकाशी बसायच्या फळीइतकं एक लहान छप्पर होतं. त्याखाली दोर ठेवत. मैना मागून बुडाली होती. नाक शेवटपर्यंत वर राहिलं, तिथं पाणी पोचलं नव्हतं. रामधन गुडघ्यांवर रांगत त्यात शिरला. त्याचं पागोटं वर आदळलं आणि मानेवर मातीचा भुगा सांडला.

मातीचा. कोरडी माती.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं.

"फौजदारसायेब, बैल सोडा. अन् सचिवाले म्हना, इकडं या."

उदयसिंग आला. गर्दीही आली. सकीना पुढं, पदर दातात.

"उदयसिंगभाऊ, मैना अक्षय तृतीयेपासून पान्याखाली होती ना?"

"सारं गाव जानते. बांबू होता तिच्या जागी."

"बांबू सारं गाव जानते," रामधन म्हणाला. "गढूळ पान्यात बांबूच दिसते. खाली होडी हाये का धोंडा, कोन पाहते?" त्यानं मूठ उघडली. तळहातावर मातीचं एक घर होतं, लहान लहान मडक्यांच्या उतरंडीसारखं. "हे काय हाये?"

"कुंभारीन माशीचं घर," पुंजाजी मागून म्हणाला. "माह्या मोटेच्या छपराखाली पन्नास हायेत."

रामधननं एक मडकं नखानं फोडलं. आत ठासून भरलेले कोळी, मेलेले नव्हेत, लुळे, एकाचा पाय अजून किंचित हलणारा. त्यांच्यामध्ये पांढरी अळी, निवांत जेवत बसलेली.

"हे मैनेच्या नाकात होतं. मले सांगा भाऊ, पान्याखाली कोन्ती माशी घर बांधते?"

उदयसिंगचा चेहरा हलला नाही. "काल उठवल्यावर बांधलं असन. एक दिस पुरते तिले."

"मीबी तेच म्हनलं मनात. पन हे पाहा." त्यानं घर उलटं धरलं. बाजूच्या तीन मडक्यांना गोल भोकं होती, आत नुसती सालं. "याच्यातली पिल्लं मोठी होऊन उडून गेली. काल अंडं अन् आज उडान, असं त देशमुखानंबी कधी सांगतलं नसतं. ही होडी कित्येक आठवडे कोरड्यात होती. लाकूड आकसलं, सांधे उघडले, भरण गळली. पटाशीचा ओरखडा एकबी नाई. कोनी खरवडलंच नाई त दिसन कुठून?"



"कोरडी होडी अंधाराची गाडीत झाकून काठावर आनली. सारे पाठ करून उभे. फटीत गाळ लिंपला, वरतून चार डब्बे पानी वतलं, झाली उठवनी. उपसाले आतमंदी पानी असन तवा आवाज येईन! पान्यातून काढली असं साऱ्या केनवडात एकच मानूस म्हनते. तोच, ज्याले माईत होतं की अध्यक्षाले पोहता येत नाई."

"पोहता येत नाही?" फौजदार उभे राहिले.

"अन् ज्यानं पहिली टाळी वाजवली. टाळी नसती वाजली त एकादा तरी उडी टाकून गेला असता ना सायेब! इथं शंभर पोहनारे होते."

ते वाक्य काठावरच्या प्रत्येकाला लागलं. माणसं एकमेकांकडं न पाहता स्वतःच्या हातांकडं पाहू लागली.

"साळदार कुठं हाये तुमचा?" रामधननं हळूच विचारलं. "ऐन सुगीत दिसला नाई. फौजदारसायेब त्याले आजच हुडकून आनतीन. त्याच्यापेक्षा तुमीच सांगा."

उदयसिंग तलावाकडं पाहत होता. वारा सुटला होता. पाण्यावर उरलेल्या दोन होड्यांची शिडं भरत होती, रिती होत होती.

"कामरगावले धाडला," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "होडी माह्या कडब्याच्या गंजीत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिशीच काढली. साळदाराले सांगतलं, मालकाले न सांगता रंगवाची हाये. त्याचा काई गुन्हा नाई."

"जिवलग होता तुमचा," फौजदार म्हणाले.

"होता ना. किती समजावलं त्याले मनातल्या मनात." उदयसिंग हसल्यासारखा झाला. "वांगे कुठंबी होतात, सायेब. बाजारात भेटतात. हे पानी गेलं की तळाले चिखल, त्याच्यात म्हशी. मले बायको नाई, लेकरू नाई. वर्षातून एक दिवस मी त्या पान्यावर असतो तवा मी मानूस असतो. तो म्हने, पानी सोडू. जसं काई तंबाकूची चंची सोडाची."

"अन् फय्याज?"

"त्याचं मडकं तठी होतं म्हनून," उदयसिंग म्हणाला. दुसरं कारण त्याच्यापाशी नव्हतं. त्यानं हात पुढं केले.

७

फय्याजच्या मनगटांवरच्या बेड्या निघाल्या आणि सचिवाच्या हातांत गेल्या. दमणी हलली. सकीना तिथंच खाली बसून रडली, मग उठून डोळे पुसत म्हणाली, "चाचा, आज आमच्या घरी जेवाले यायचं. नाई म्हनायचं नाई. मी चुला पेटवते," आणि झपझप घराकडं निघून गेली.

माणसं पांगली. अंजनाबाईंनी निरोप धाडला होता, तेरवीची वाट न पाहता मोरी उद्याच उघडा. पुंजाजी तो निरोप घेऊन मळ्यामळ्यातून फिरत होता आणि कुणीच आनंदानं ओरडत नव्हतं.

रामधन निघणार, तर फय्याज जागचा हलेना. मैनेच्या फटींवरून तो अंगठा फिरवत होता.

"चल लेका. सुटला तू."

"चाचा," फय्याज म्हणाला, "सचिवानं मले हाकललं हे खरं हाये. पन सांजच्याले मी परत आलतो. मडकं न्याले. कोनी नोतं इथं."

रामधन थांबला.

"म्यां पाह्यलं. सांध्यात भरण नाई, गाळ हाये. माहा हात हाये तो, मले नाई समजनार? म्यां म्हनलं, जाऊन सांगाव मालकाले. वाड्याच्या दारापोतर गेलो. मंग त्याचं ते हसू आठवलं. सुतारानं होडी हाकू नाई." त्याचा अंगठा फटीत अडकला, त्यानं तो काढला नाही. "म्हनलं, भिजू दे. चारचौघात भिजू दे एकडाव. पैनगंगा पोहनारा मानूस, त्याले काय होते? मडकंबी तसंच ठेवलं, अन् घरी जाऊन झोपलो."

पाण्यावरून वारा आला. रामधननं पाण्याकडं पाठ केली.

"सकीनाले सांगतलं?"

"नाई."

"फौजदाराले सांगतलं नाई हे बरं केलं. हा गुन्हा त्याच्या कायद्यात बसत नाई."

"मंग कोनाच्या बसते, चाचा?"

रामधन जमादारानं आयुष्यात हजार माणसांना प्रश्न विचारले होते आणि उत्तरं घेतली होती. आता तो नुसता फय्याजशेजारी बसला, चिखलात, पाण्यापासून हातभर अंतरावर.

गावाच्या बाजूनं धूर वर चढत होता. थोड्या वेळानं सकीनाची हाक आली, आधी लाडाची, मग रागाची, मग घाबरलेली. फय्याज प्रत्येक हाकेला मान वर करत होता आणि उठत नव्हता.